पेपरात दोन ओळी आल्या म्हणून मुलीचा खो-खो थांबवायचा का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करतात, यजमान यंत्रमागावर आहेत. १७ वर्षांची थोरली मुलगी पाचवीपासून खो-खो खेळते. यंदा ती जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धा खेळली आणि उपांत्य सामन्यात २ मिनिटे ४० सेकंद पळाली. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अन्य निकाल’ या मथळ्याखाली दोन ओळी आल्या, त्यातही तिचं आडनाव चुकलेलं. त्याच पानावर पुतण्याच्या टेनिस बॉल क्रिकेट संघाचा तीन कॉलमी फोटो होता. पुढे पंधरा दिवसांनी एका स्थानिक यूट्यूब चॅनलचा मुलगा मैदानावर आला. त्याने विचारलं, ‘स्वयंपाक येतो का?’, ‘सासरी खेळू देतील का?’ व्हिडिओला जे नाव दिलं त्यात खो-खो हा शब्द नव्हता, तिच्या दिसण्याबद्दलच होतं सगळं. खाली लोकांनी तिच्या रंगावरून, कपड्यांवरून नको ते लिहिलं. वडिलांचं म्हणणं, ‘पेपरात येत नाही तो खेळ कसला? क्रिकेटला घाला, नाहीतर बंद करा.’ मुलगी ९ दिवस मैदानावर गेलेली नाही. आई विचारतात, ‘दीर म्हणतात तसं क्रिकेटच्या अकादमीत घालू, की खेळच सोडवू? या खेळात तिचं नाव होणारच नसेल तर तिनं ऊन कशाला खायचं?’

ताई,

तुमचं पत्र तीन पानी आहे. त्यात भाऊंचं, म्हणजे तुमच्या यजमानांचं, म्हणणं आहे, दिरांचा सल्ला आहे, शेजारणीचा टोमणा आहे, पुतण्याचा फोटो पानात कुठे होता तेही आहे. मुलीचं स्वतःचं मात्र एकही वाक्य नाही. तिला क्रिकेट आवडतं का, खो-खो सोडायचा आहे का, हे ९ दिवस ती घरात बसून काय करते, यातलं मला काहीच कळलं नाही. तुम्हाला दोष देत नाही. घरात मोठी माणसं तावातावाने बोलू लागली की जिच्याबद्दल बोलणं चाललंय तीच गप्प होते, हे पुष्कळ घरांत होतं. पण आज रात्री भाकऱ्या झाल्या की तिच्याजवळ बसा आणि विचारा. लगेच बोलली नाही तर उद्या पुन्हा बसा. मी खाली बरंच लिहिणार आहे, पण ते सगळं तिच्या उत्तरानंतरचं आहे.

आणखी एक. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच पत्रात बांधून पाठवली आहेत. बातमी धड आली नाही, हे एक. आणि आली ती अशी आली, हे दुसरं. भाऊ बोलतात पहिल्याबद्दल, पण मला वाटतं त्यांना लागलंय ते दुसरं. दोन ओळी छापून आल्या त्या दिवशी त्यांनी खेळ बंद करा म्हटलं नव्हतं. तुम्हीच लिहिलंय, ते कात्रण त्यांनी पाकिटात ठेवलं, आडनाव चुकलेलं असूनही. पुढे कारखान्यात कुणीतरी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि त्या संध्याकाळी ते ‘क्रिकेट, नाहीतर बंद’ म्हणाले. आपल्या मुलीबद्दल लोकांनी लिहिलेलं घाण बायकोसमोर उच्चारणं त्यांना जमलं नसेल, पेपरवर राग काढणं जमलं. म्हणून त्यांच्याशी बोलताना आधी व्हिडिओचं बोला. ती तोडगा निघण्यासारखी गोष्ट आहे, त्याकडे मी येतेच.

आधी पेपरचं. मी ११ वर्षं एका दैनिकाच्या क्रीडापानावर उपसंपादक होते, इथेच सोलापुरात. ‘पेपरात येत नाही तो खेळ कसला’ हे भाऊंचं वाक्य वाचून मला गप्प बसवेना, कारण पेपरात काय येतं आणि का येतं ते मी रोज रात्री हाताने केलं आहे.

पान लावायला बसलं की सगळ्यात आधी जाहिराती बसतात. उरलेल्या जागेत भारताचा क्रिकेट सामना. तो एजन्सीकडून फोटोसकट, आकड्यांसकट तयार येतो, फक्त मराठी करायचं असतं. मग परदेशातलं टेनिस, फुटबॉल, तेही तसंच तयार. आणि आपल्या जिल्ह्यातल्या खो-खोची प्रेसनोट यायची रात्री साडेनऊला, कागदाचा तिरका काढलेला फोटो. पहिल्या सहा ओळींत प्रमुख पाहुण्यांची नावं आणि शेवटी एवढंच, की मुलींच्या संघाने विजय मिळवला. कोण किती पळाली, कुणी किती गडी बाद केले, काही नाही. फोटो असलाच तर बक्षीस देतानाचा, त्यात पुढे फेटे बांधलेले पाहुणे आणि मागच्या रांगेत मुली. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायची वेळ झालेली. बातमी दोन ओळींत गुंडाळायला दोन मिनिटं लागत, फोन लावून नावं आणि वेळा विचारायला वीस. मी कितीतरी रात्री दोन मिनिटांचं काम केलं आणि घरी गेले.

एका रात्रीचं मात्र अजून सलतं. जिल्ह्याच्या मुली राज्य स्पर्धा जिंकून आल्या होत्या. बारा ओळी आणि एक फोटो मी लावलाही होता. साडेदहाला जाहिरात आली आणि पानाचा खालचा भाग गेला. मी फोटो काढला, बारा ओळींच्या दोन केल्या. त्याच पानावर एका पुरुष क्रिकेटपटूच्या बोटाच्या दुखापतीची बातमी होती, ती तशीच ठेवली. सकाळी त्या मुलींचे सर ऑफिसात आले. मला वाटलं भांडायला आलेत. ते अंकाच्या पाच प्रती विकत घ्यायला आले होते, मुलींना द्यायला. आमच्यासमोरच त्यांनी त्या दोन ओळींभोवती पेनाने चौकट केली. मी तिथे उभी होते, पण रात्री ती बातमी मीच कापली हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

हे सांगितलं ते एवढ्याचसाठी, की तुमच्या मुलीच्या २ मिनिटे ४० सेकंदांचं मोल त्या दोन ओळींत कुणी मोजलेलंच नव्हतं. ते आकडे बहुधा त्या टेबलापर्यंत पोचलेच नाहीत.

पुतण्याचा फोटोही नीट बघा. टेनिस बॉलच्या स्पर्धेला कुणाचं तरी नाव असतं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा चषक असतो. फोटोत चषक कुणाच्या हातात आहे? पुतण्या चांगला खेळला असेल, त्याचं कौतुक कमी करू नका. पण तीन कॉलम मिळाले ते पाहुण्यांना. मुलींच्या खो-खोला असा पाहुणा क्वचित मिळतो, त्यामुळे जागाही क्वचित.

‘लोकांना क्रिकेटच हवं असतं’ हे मीही पुष्कळदा ऐकलंय, म्हटलंयही. मग मुलींच्या क्रिकेटचं काय झालं ते बघू. २००५ साली भारताच्या महिला क्रिकेटपटू विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. तुमच्या गल्लीत तो सामना कुणाला आठवतो का, विचारून बघा. २०१७ला लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी हरल्या, तेव्हा मात्र घराघरांत टीव्ही लागलेला होता. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डाने पुरुष आणि महिलांचं सामन्याचं मानधन सारखं केलं. २०२३ला महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्यांनी विश्वचषक घेतला, तेव्हा रात्री उशिरापर्यंत लोक जागे होते. या वीस वर्षांत लोकांची आवड आपोआप बदलली असं मला वाटत नाही. सामने दिसू लागले, रोज दिसू लागले, चांगल्या कॅमेऱ्यांनी दिसू लागले, मग लोकांना नावं पाठ झाली. अमेरिकेत संशोधकांनी १९८९पासून तीस वर्षं टीव्हीवरच्या क्रीडाबातम्या ठरावीक अंतराने मोजल्या. महिलांच्या वाट्याला १९८९ला ५ टक्क्यांच्या आसपास वेळ होता आणि २०१९लाही तेवढाच. त्या तीस वर्षांत तिकडे खेळणाऱ्या मुली प्रचंड वाढल्या होत्या. म्हणजे मुली वाढल्या तरी बातमी आपोआप वाढत नाही. ती कुणालातरी वाढवावी लागते.

शिवाय हा प्रश्न फक्त क्रिकेट आणि बाकीचे असा नाही. कुस्तीला आपल्याकडे जागा मिळते, मोहोळचा सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा पहिल्या पानावरही मिळाली. पण पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१पासून होते आणि महिलांची पहिली झाली २०२३ला, सांगलीत. प्रो कबड्डी २०१४ला टीव्हीवर आली. महिलांसाठी २०१६ला तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली, पुढच्या वर्षी ती झालीच नाही. अल्टिमेट खो-खो २०२२ला पुण्यात सुरू झालं, तेही पुरुषांचं. मातीतले खेळ मोठ्या पडद्यावर येताना पुरुष आधी जातात. तुमच्या मुलीला दोन रांगांत उभं राहावं लागतंय, एक खो-खोची आणि एक मुलींची. तिचा शीण खोटा नाही, हे तिला घरातल्या कुणीतरी म्हणायला हवं.

आता क्रिकेट. भाऊंच्या बोलण्यात काही तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. क्रिकेटमध्ये आज मुलींना पैसा आहे, नाव आहे आणि उदाहरण शोधायला लांब जायला नको. किरण नवगिरे आपल्याच जिल्ह्यातली. ती आधी मैदानी खेळांतली, भालाफेक, गोळाफेक करणारी. २०२२ला नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या, त्याच वर्षी भारताकडून खेळली आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राकडून ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं सगळ्यात वेगवान. तेव्हा एका खेळातून दुसऱ्यात जाता येतं. पण ती गेली ती क्रिकेटच्या वेडाने, आणि खांद्यात ताकद घेऊन. तुमच्या मुलीचं बळ कशात आहे? खांबाजवळून वळण्यात, अंगावर आलेल्या गड्याला हुलकावणी देण्यात. १७व्या वर्षी बॅट हातात देऊन, पाचवीपासून क्रिकेट खेळणाऱ्या मुलींच्या मागे तिला उभं करायचं, तेही पेपरात नाव यावं म्हणून? त्या रांगेतल्याही बहुतेक मुलींचं नाव कधी छापून येत नाही. अकादमीची फी, किट, दर आठवड्याचा प्रवास यांचा खर्च तुम्ही पत्रात मांडलाच आहे. तिलाच क्रिकेटची ओढ असेल तर हा खर्चही विचारात घ्या. तिला नसेल तर नको.

खो-खोत नाव होणारच नाही, हे तुम्ही धरून चालला आहात. धाराशिव तुमच्यापासून दोन तासांच्या आत आहे. तिथल्या सारिका काळेला २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोसाठी. एकाच वेळचं जेवण मिळण्याचे दिवस तिने काढले होते, आई घरी शिवणकाम करायची. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० हरवलं, पुरुषही जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सामने टीव्हीवर दिसत होते. प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही, हे मुलीलाही ठाऊक असेल. पण वाट आहे, आणि ती आपल्याच भागातून जाते. वेळापूरच्या खो-खो खेळणाऱ्या मुलींना विचारा.

आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण याच्याशी घराचा संबंध आहे. कात्रणाने नोकरी मिळत नाही, प्रमाणपत्राने मिळू शकते. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. कुठली स्पर्धा, कुठला क्रमांक धरतात याचे नियम बदलत असतात, म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः जाऊन आत्ताचे नियम विचारा. पेपरात आडनाव चुकलं त्याहून मोठी काळजी ही, की राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ते बरोबर आहे का? शाळेच्या दाखल्यावर, आधारवर जसं आहे अगदी तसंच? आजच काढून बघा. चुकलं असेल तर संघटनेकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या, चार वर्षांनी पडताळणीला कागद गेला की फार जड जातं. सगळी मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत, तुमच्या कपाटात.

व्हिडिओचं सांगते. मुलगी १७ वर्षांची आहे. तिची मुलाखत घेताना तुम्हाला किंवा सरांना विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही, तेव्हा बोलायचा हक्क तुमचा आहे. आधी व्हिडिओ आणि त्याखालच्या कॉमेंट्सचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग भाऊ आणि सर दोघांनी मिळून त्या मुलाला भेटावं, मुलीला नेऊ नये. शांतपणे सांगावं, व्हिडिओ काढ. खेळाबद्दल करायचा असेल तर मैदानावर ये, सामना बघ, मग कर. माझा अनुभव असा, की या पोरांपैकी निम्म्यांना आपण काय केलं ते कुणीतरी समोर बसून सांगितलं की कळतं. नाही ऐकलं तर यूट्यूबवर तक्रार करा आणि सायबर पोलिसांकडे जा, स्क्रीनशॉट तिथे लागतील. आणि भाऊंना सांगा, चूक त्या मुलाची आणि लिहिणाऱ्यांची आहे. तिचा खेळ थांबवला तर शिक्षा तिला होते.

पुढच्या वेळी कुणी माइक घेऊन आलं तर पळून जायचं नाही, तेही तिला शिकवा. आई किंवा सर शेजारी उभे राहतील, आणि खेळाबाहेरचा प्रश्न आला तर ‘सामन्याबद्दल विचारा’ एवढं म्हणायचं. २०१७च्या विश्वचषकाआधी मिताली राजला एका पत्रकाराने विचारलं होतं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं, पुरुष क्रिकेटपटूंना तुम्ही त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का? आवाज चढवला नाही, पण तो प्रश्न आजही लोकांच्या लक्षात आहे.

हे सदर वाचणारे वार्ताहरही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. बातमी लिहून झाली की बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून एकदा वाचा. ‘घरकाम सांभाळून’ हे पुरुषाबद्दल लिहिलं असतं का? पुरुषांची आडनावं छापतो आणि मुलींना पहिल्या नावाने हाक मारतो, का? ‘रणरागिणी’, ‘लेकींची कमाल’ हे मी पण भरपूर लिहिलं, मायेने लिहिलं, पण त्या शब्दांनी मथळा भरला की कोण किती पळाली हे लिहायला जागा उरत नाही. इंग्रजीत बॅट्समन म्हणू नये हे क्रिकेटच्या नियमांत यायला २०२१ उजाडलं. आपला ‘फलंदाज’ पहिल्यापासून दोघांनाही चालतो. भाषेने आपल्याला इतकं दिलं असताना बातमीत कंजुषी का करायची?

आणि खेळाडूंच्या पालकांनी, सरांनी एक काम वाटून घ्यावं. संघात एक ताई किंवा दादा असा ठरवा जो सामना संपल्याबरोबर मजकूर पाठवेल. संध्याकाळी सातच्या आत, टाइप करून. पहिल्या ओळीत निकाल, मग प्रत्येक खेळाडूचं दाखल्यावरचं पूर्ण नाव, किती मिनिटं पळाली, किती गडी टिपले. एक फोटो, सूर मारतानाचा किंवा खो देतानाचा, सत्काराचा नको. खाली फोन लागेल असा एक नंबर. सगळ्या दैनिकांना आणि आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रालाही. पाहुण्यांची नावं शेवटी लिहा, कापली तर ती कापली जातील. माझ्या टेबलावर अशी नोट आली असती तर मला दोन ओळी करायला हात चालला नसता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आडनावाची चूक दुरुस्त करा म्हणून साधं पत्रही द्या. बहुतेक ठिकाणी ते छापतात आणि ते नाव पुढे डेस्कच्या लक्षात राहतं.

राहता राहिले भाऊ. चहाच्या टपरीवर ते रोज पेपर वाचतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सात दिवस एक काम द्या, मुलीबरोबर. क्रीडापानावर किती फोटो, त्यात बायकांचे किती, आणि त्यातल्या किती जणी खेळताना दिसतात, वहीत नुसत्या रेघा ओढायच्या. आठव्या दिवशी दोघांनी मिळून संपादकांना चार ओळी लिहायच्या, सही भाऊंची. मुलीच्या बाजूने त्यांनी बोलावं असं तुम्हाला वाटतं ना, ते इथून सुरू होईल. आणि एक विचारते, राग मानू नका. त्यांनी तिचा सामना कधी पाहिला आहे का? तुमच्या तीन पानांत तसं कुठे नाही. यंत्रमागाला सुट्टी असेल त्या दिवशी त्यांना मैदानावर न्या. ती पाटीवर बसलेल्या मुलींमधून कशी निघते ते त्यांनी स्वतः, काठावर उभं राहून बघावं. क्रिकेटचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा, तोवर अकादमीची फी भरू नका.

मला पुन्हा लिहा. त्या पत्रात मुलीच्या हातचे चार शब्द असू द्या. तिचं नाव इथे छापणार नाही, पण मला ते पाठवा, आडनावासकट, काना-मात्रा-वेलांटी नीट बघून.